नानांच्या खात्यातला माणूस

मी कुलूप काढून आत आले तेव्हा आमच्या सोफ्यावर एक अनोळखी गोरा माणूस बूट काढून, नुसत्या मोज्यांवर बसला होता आणि चकली खात होता.

दिवाळीला अजून आठ दिवस होते. त्या चकल्या मी आदल्या रविवारी कंबरडं मोडेपर्यंत बसून पाडल्या होत्या. डबा सगळ्यात वरच्या फळीवर, कणकेच्या पिशवीमागे ठेवला होता आणि नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दोनदा बजावलं होतं की देवापुढे ठेवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आता तो डबा टीपॉयवर उघडा होता. शेजारी पाण्याचा तांब्या, फुलपात्र, आणि कसलासा छापील फॉर्म अडकवलेलं एक पॅड. पाहुण्याचा ओला कोट रेडिएटरवर वाळत घातलेला होता, म्हणजे माणूस येऊन बराच वेळ झाला होता.

“ये, शलाका,” नाना म्हणाले. इंग्लंडला, स्विंडनमध्ये आल्यापासून तीन महिन्यांत मी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं. “हे मिस्टर कीथ. आपल्या खात्यातले.”

“कुठल्या खात्यातले?”

“लायसन्सच्या. टीव्हीचं लायसन्स तपासायला आलेत.”

हातातली भाजीची पिशवी मी तशीच खाली ठेवली. बटाटे घरंगळत पायपुसण्यापर्यंत गेले आणि ते उचलायचंही मला सुचलं नाही.

इंग्लंडमध्ये टीव्हीवर चालू असलेले कार्यक्रम बघायचे तर घराला वर्षाचं लायसन्स लागतं. नुसत्या डीव्हीडी बघणाऱ्याला लागत नाही. आमच्या घरी टीव्ही होता, पण अँटेनाची वायर नव्हती. हृषीकेश, माझा नवरा, त्यावर जुन्या नाटकांच्या डीव्हीडी लावायचा, आणि आम्हाला लायसन्सची गरज नाही असं त्याने रीतसर कळवलंही होतं. तरी दर महिन्याला पत्र यायचं, प्रत्येक पत्रात आधीच्यापेक्षा लाल अक्षरं जास्त. फी भरून टाक आणि मोकळा हो, असं मी एकदा म्हणून बघितलं. हृषी म्हणाला, प्रश्न तत्त्वाचा आहे. हृषीला तत्त्व सापडलं की माझं डोकं दुखायला लागतं, हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं.

मग त्याने इंटरनेटवर रात्रंदिवस वाचन केलं. लायसन्सवाल्यांना वॉरंटशिवाय घरात शिरायचा अधिकार नसतो, त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायची सक्ती नसते, त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही करावी लागत नाही. हे सगळं त्याने मराठीत, मोठ्या अक्षरांत, चार ओळींत छापलं आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. “दार उघडू नये. उघडल्यास आत घेऊ नये. नाव सांगू नये. सही करू नये.” नाना आले त्या दिवशी त्यांनी तो कागद वाचला आणि मला विचारलं, “हे परिपत्रक कोणाच्या आदेशाने निघालं?”

हृषीच्या तत्त्वापलीकडे एक खरी भीतीही होती, आणि ती आम्हा दोघांची होती. आम्हाला त्या देशात येऊन पाच वर्षं पुरी होत होती. जानेवारीत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा होता. त्याच्यावर माझी हॉस्पिटलच्या औषधविभागातली नोकरी, हृषीची नोकरी, सगळंच अवलंबून होतं. वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं की कोर्टाने साधा दंड केलेला असला तरी अर्ज नामंजूर होईल, आणि तसं झालं तर सामान बांधा. लायसन्स नसताना टीव्ही बघणं हा तिथे कोर्टात जाणारा गुन्हा आहे. अर्जाला अकरा आठवडे राहिले होते आणि इन्स्पेक्टर माझ्या चकल्या खात होता.

“नाना,” मी मराठीत, चेहरा हसरा ठेवून विचारलं, “दारावरचा कागद वाचला नाहीत?”

“वाचला की. रोज वाचतो. यांनाही भाषांतर करून सांगितला. हे म्हणाले, अगदी बरोबर आहे, मला आत घ्यायची तुमच्यावर सक्ती नाही.”

“मग घेतलंत कशाला?”

“पाऊस पडत होता.”

मी कपाळाला हात लावला. कीथला वाटलं मला डोकेदुखी आहे. त्याने सहानुभूतीने मान हलवली.

नानांचं हे वागणं समजायला एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडेही पूर्वी रेडिओला लायसन्स लागायचं. पोस्टात त्याचं पुस्तक मिळायचं, दर वर्षी फी भरून ते नवं करून घ्यायचं. ज्यांनी केलं नाही त्यांना शोधत जो माणूस दारोदार फिरायचा, तो म्हणजे नाना. नाशिक, मनमाड, येवला, मालेगाव. पुढे टीव्ही आले, मग लायसन्सच बंद झालं आणि खात्याने नानांना मनिऑर्डरच्या खिडकीवर बसवलं. पण स्वतःची ओळख करून देताना ते अजूनही “लायसन्स इन्स्पेक्टर, निवृत्त” असंच म्हणायचे. सासूबाई गेल्यानंतर हृषीने त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आणलं होतं.

“बावीस वर्षं मी लोकांच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो,” नाना मला सांगत होते आणि मधूनमधून कीथसाठी त्याचं इंग्रजी करत होते. “मनमाडला मे महिन्यात. मला बघून बायका रेडिओ गोधडीत गुंडाळायच्या. एकीने तर पिठाच्या डब्यात घातला होता, आणि डब्यातून बातम्या ऐकू येत होत्या. पाणी विचारलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. या माणसाला मी बाहेर उभा करू?”

“आमच्याकडे कुत्रे सोडतात,” कीथ म्हणाला.

“आमच्याकडेही,” नाना म्हणाले. दोघांनी एकेक चकली घेतली.

पन्नाशीचा, गुडघे दुखत असावेत असा बसणारा, पडेल चेहऱ्याचा माणूस होता तो. वाईट मुळीच नव्हता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. नानांनी त्याचं ओळखपत्र चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं होतं आणि त्याचा नंबर आपल्या डायरीत उतरवून घेतला होता. आता त्यांना एकच गोष्ट खटकत होती.

“पंच बोलवायचे राहिलेत,” ते मला म्हणाले. “शेजारच्या बाईंना जरा हाक मार. दोन पंच नसले तर पंचनामा टिकत नाही.”

“नाना, इथे पंच नसतात.”

नानांनी कीथला पंच म्हणजे काय ते समजावलं. तपासणीच्या वेळी वस्तीतले दोन प्रतिष्ठित नागरिक हजर हवेत, त्यांच्या सह्या हव्यात. कीथ म्हणाला, आमच्यात तसं काही नाही, मी एकटाच येतो. नानांना ही पद्धत पसंत पडली नाही.

“आणि उद्या कोणी म्हणालं की तुम्ही चकली खाऊन केस सोडलीत, तर?”

कीथने हातातली अर्धी चकली बशीत ठेवली आणि पॅड मांडीवर घेतलं. चकलीवर त्याचं लक्ष होतं तोपर्यंत बरं होतं.

“तर सरांनी मला सांगितलं,” तो माझ्याकडे बघत म्हणाला, “की ते रोज दुपारी टीव्ही बघतात. मी बेल वाजवली तेव्हाही तो चालू होता. बाहेर आवाज येत होता.”

“दोन पंधरा ते तीन,” नानांनी दुरुस्ती केली. “शनिवार-रविवार बंद.”

“तुम्ही सांगितलंत?” मी नानांना विचारलं.

“चालू होता तर सांगणार नाही? लपवायला काय झालं?” नाना म्हणाले, आणि मग त्यांनी जे म्हटलं ते म्हणेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी जराही कमी झाली नव्हती. “यांच्या यादीत आपल्या घराची नोंद दिसत नाहीये. त्यांच्याकडेच काहीतरी घोळ असणार. मी म्हटलं, बसा, सूनबाई आज तीनला येईल, लायसन्स तिच्याकडे आहे, ती दाखवेल. दाखव त्यांना, शलाका.”

लायसन्स नव्हतं.

नानांना लायसन्स आहे असं सांगितलं होतं ते मी. सप्टेंबरमध्ये. आम्ही दोघं सकाळी सातला घर सोडायचो, आणि नाना दिवसभर खिडकीत बसून समोरच्या थांब्यावरच्या बसगाड्या मोजायचे. संध्याकाळी आम्ही आलो की किती गेल्या ते सांगायचे. असे तीन आठवडे ऐकल्यावर मी एक दिवस बाजारातून अँटेनाची वायर आणली, एक टोक टीव्हीला आणि एक टोक भिंतीतल्या सॉकेटला लावलं, आणि दुपारचे कार्यक्रम कसे बघायचे ते नानांना दाखवलं. नानांचा पहिला प्रश्न होता, “लायसन्स आहे ना?” मी म्हटलं, आहे. मीच काढलंय, हृषीच्या तत्त्वाला धक्का नको म्हणून त्याला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. काढायचं माझ्या खरंच मनात होतं. पण आमचं बँकखातं एकत्र होतं, फी गेली की हृषीला दिसणार, मग दोन तासांचं व्याख्यान. आज काढू, उद्या काढू करत महिना गेला, दुसरा गेला.

आणि बुधवारी माझी सुट्टी असायची. बुधवारी मीही नानांबरोबर बसून बघायचे. गावात घर शोधणाऱ्या जोडप्यांचा एक कार्यक्रम लागायचा. दर वेळी एक जोडपं तीन घरं बघायचं, स्वयंपाकघरं उघडून बघायचं, बागेत फिरायचं, आणि शेवटी एकही घर घ्यायचं नाही. नाना भयंकर चिडायचे. “घ्यायचं नव्हतं तर दुसऱ्याच्या घरात शिरलात कशाला?” असं ते टीव्हीला विचारायचे. त्या घरात मला मनापासून हसू यायचं ते तेवढंच.

“शलाका?” नाना म्हणाले.

“कागद वर असेल तर मी थांबतो,” कीथ म्हणाला. तो मान वाकडी करून टीव्हीच्या मागे बघत होता. “वायर नवी दिसते. ही कोणी जोडली? तुम्ही स्वतः बघता का कधी?” मग त्याला आठवल्यासारखं त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं: तुम्ही काही बोलायलाच हवं असं नाही, पण जे बोलाल ते लिहून घेतलं जाईल आणि कोर्टात वापरता येईल.

कोर्ट हा शब्द त्याने अगदी साध्या आवाजात उच्चारला. दारावरचा कागद मला उभ्या जागेवरून दिसत होता. हृषीच्या हिशेबाने मला गप्प बसायचा पूर्ण अधिकार होता. पण नाना माझ्याकडे बघत होते.

मी खाली वाकून बटाटे गोळा करायला लागले. नानांनी बावीस वर्षं दारात उभं राहून माणसांचे चेहरे बघितले होते. कोणाच्या घरात रेडिओ आहे आणि लायसन्स नाही, हे ओळखण्यावर त्यांची नोकरी चालली होती. त्यांना किती वेळ लागणार होता? त्यांचा चेहरा उतरला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांनी फक्त चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला.

“शलाका, तू चहा टाक,” ते म्हणाले.

“नाना, मी...”

“कीथसाहेब दूध जास्त घेतात. जा.”

आणि मी गेले. इतकी वर्षं झाली, अजून मला स्वतःचा संताप येतो तो याच्यासाठी. कोणी मला ढकललं नव्हतं. मी माझ्या पायांनी स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं आणि किटलीचं बटण दाबलं. किटली उकळताना बराच आवाज करते. ती उकळली, बंद पडली, आणि मी परत बटण दाबलं. बाहेरचं काही ऐकू येऊ नये एवढीच माझी इच्छा होती.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा कीथ पॅड बॅगेत घालत होता. फॉर्मची एक प्रत नानांच्या पुढ्यात होती आणि तिच्यावर नानांची लफ्फेदार सही होती, आर. जी. चांदवडकर, खाली तारीख. कीथने उभ्या-उभ्याच चहा प्यायला. जाताना त्याने नानांशी हात मिळवला आणि म्हणाला, “सॉरी, सर. मला लिहावंच लागतं.”

“लिहायलाच हवं,” नाना म्हणाले. “मीही लिहायचो.”

दार लागल्यावर मी विचारलं, “काय सांगितलंत त्याला?”

“जे लिहून घ्यायचं ते घेतलं त्याने. तू त्यात नाहीस.” त्यांनी चकलीच्या डब्याचं झाकण लावलं. “हृषीलाही खरं काय ते बोलू नकोस. तुमचा अर्ज आहे.”

संध्याकाळी हृषी आला आणि त्याने टीपॉयवरचा फॉर्म वाचला. त्यात लिहिलं होतं की वायर रघुनाथ चांदवडकर यांनी स्वतः आणली, स्वतः जोडली, घरात लायसन्स नाही हे त्यांना माहीत होतं, टीव्ही लावायचा नाही अशी मुलाची आणि सुनेची ताकीद होती, ती त्यांनी मोडली. हृषीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुम्हाला चार ओळी वाचता येत नाहीत?” त्याने दारावरचा कागद फाडून नानांपुढे धरला. वडिलांशी त्याला या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “त्याला घरात पाऊल टाकायचा अधिकार नव्हता.”

“त्याला नव्हता,” नाना म्हणाले. “मला होता. घरात कोणाला घ्यायचं हे घरच्या माणसाने ठरवायचं ना? दुपारी घरात मी असतो.”

“आणि वायर? ती कुठून आणलीत? तुम्हाला साधी बस पकडता येत नाही.”

“चालत गेलो.”

“लायसन्स नाही हे माहीत असून बघत होतात? तुम्ही? जन्मभर दुसऱ्यांना पकडलंत आणि मुलाच्या घरी येऊन हे केलंत?”

नानांनी फॉर्मची नीट घडी घातली. मी कणीक मळत होते. तिथून त्या दोघांपर्यंत चार पावलं होती. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं असं करत मी ती कणीक इतकी मळली की तिच्या पोळ्या वातड झाल्या, आणि त्या रात्री कोणीही नीट जेवलं नाही. हृषीला सांगितलं तर तो अर्जाच्या काळजीने झोपणार नाही, वकीलबाईंना सांगेल, त्या म्हणतील खरं ते कळवा. हे सगळं मी मनात मांडून बघितलं. मांडून बघितलं असं म्हणायचं, खरं तर मी घाबरले होते.

दुसऱ्याच दिवशी मी लायसन्स काढलं. हृषीने तत्त्वाचा शब्द काढला नाही. नानांनी त्याचा कागद छापून मागितला आणि टीव्हीवर घडी करून ठेवला. मग ते परत दुपारी कार्यक्रम बघायला लागले. पण बुधवारी ते मला हाक मारेनासे झाले. मी आपणहून जाऊन बसले तर सरकून जागा द्यायचे, मात्र त्या जोडप्यांवर चिडायचे नाहीत. ती माणसं तीन घरं बघून रिकाम्या हाताने निघून जायची आणि आम्ही दोघं गप्प बसून असायचो.

जानेवारीत आम्ही अर्ज भरला. एका पानावर प्रश्न होता की कुठल्याही देशातल्या कोर्टाने तुम्हाला कधी शिक्षा किंवा दंड केला आहे का. हृषीने आपल्या नावापुढे “नाही” लिहिलं, मग माझ्या नावापुढे लिहिलं आणि सवयीने विचारलं, “बरोबर ना?”

“बरोबर,” मी म्हटलं.

त्याच महिन्यात नानांच्या नावाचं समन्स आलं. त्यांनी गुन्हा कबूल असल्याचं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं, आपल्या खात्याच्या इंग्रजीत, “आय बेग टू स्टेट” पासून सुरू करून. दंड झाला, तो त्यांनी भरला. फेब्रुवारीत त्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर हृषीने बॅगा उचलल्या, कागद तपासले, सगळं केलं, आणि नमस्कार न करता “पोचल्यावर फोन करा” एवढंच म्हणाला. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला. आमचा अर्ज मार्चमध्ये मंजूर झाला. हृषीने पेढे आणले. मला ते गिळवेनात. हृषीला वाटलं दिवस गेलेत म्हणून. दिवस गेलेच होते.

बाळ सप्टेंबरमध्ये येणार होतं आणि माझ्या माहेरून येण्यासारखं कोणी नव्हतं. नाना म्हणाले, मी येतो. मला वरणभात करता येतो, बाळाला मालीश करता येतं, हृषीला मीच केलंय. त्यांनी जूनमध्ये व्हिसाचा अर्ज केला आणि जुलैत तो नामंजूर होऊन आला. ही बातमी त्यांनी फोनवर इतक्या सहज सांगितली की मला आधी कळलीच नाही.

“असं कसं नामंजूर?” मी म्हटलं. सातवा महिना, पायाला सूज, बाहेर उकाडा, आणि नाना मला नाशिकमध्ये भेंडी काय भाव झाली ते सांगायच्या बेतात होते. “कारण काय दिलंय?”

“तो मागचा दंड. वर्षाच्या आतला आहे म्हणे.”

“पण त्यांना कळलं कसं?”

“अर्जात विचारतात की. कधी दंड झाला आहे का. मी ‘होय’ लिहिलं. वेगळा कागद जोडून सविस्तर खुलासा दिला.”

माझं डोकं फिरलं. हृषी जेवणाच्या टेबलाशी बसून पाळण्याचे स्क्रू पिळत होता, त्याने मान वर केली. “काय गरज होती?” मी ओरडले. “तो फॉर्म भरून देणारा एजंट काही बोलला नाही?”

“तो म्हणाला, नाही लिहा काका, एवढ्याशा गोष्टीचं कोण बघतंय.”

“मग?”

“अगं, माझी सही आहे त्यावर. कीथसाहेबांसमोर मी सही केली, कोर्टाला पत्र लिहिलं. आता दुसऱ्या कागदावर असं काही झालंच नाही म्हणून लिहू? लोक असं लिहायचे म्हणून मी त्यांच्या घरी जायचो.”

“पण तुम्ही सही केलीत ते खरं नव्हतं, नाना.” माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येत नव्हता. “वायर मी आणली होती. लायसन्स आहे असं मी सांगितलं होतं तुम्हाला. त्या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहू दिलं आणि तुम्ही ‘होय’ लिहिताय. ते ‘होय’ माझं होतं.”

मग नाना अगदी हलक्या आवाजात बोलले, मनमाडच्या एखाद्या दारात आतल्या माणसाला सावध करावं तसे.

“हळू बोल, शलाका. हृषी ऐकेल.”

हृषीच्या हातातला स्क्रू टेबलावर पडला. तो उठला, माझ्या हातातून त्याने फोन घेतला, कानाला लावला आणि म्हणाला, “नमस्कार करतो. तेव्हा राहिला होता.”